कारेगावच्या विहिरीतली पांढरी माती

आमच्या भागात मातीबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात. पीक काय येतं, आणि रस्त्यापासून किती आत आहे. मी तिसरंच काहीतरी विचारत हिंडायचे, म्हणून शिरूर ते दौंड या पट्ट्यात मला बरीच वर्षं ‘मातीवाली बाई’ म्हणायचे. सुरुवातीला मला ते कौतुक वाटायचं.

शिरूरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे. सासर दौंडचं. नवरा रेल्वेत, मालगाडीवर गार्ड. त्यांच्या ड्यूटीला ना दिवस ना रात्र, त्यामुळे बिऱ्हाड शिरूरला हलवणं शक्य नव्हतं. मी नोकरी सोडणं मात्र त्यांच्या मते अगदी शक्य होतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं ते हे अधूनमधून बोलून दाखवायचे, तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी ऐकायचे आणि सकाळची शिरूरची एसटी पकडायचे.

त्या एसटीच्या खिडकीनंच मला या धंद्याला लावलं. न्हावरं, निमोणं, सगळी काळी रानं. उन्हाळ्यात त्या जमिनीला कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस झाला की भेग होती कुठे हेही सापडत नाही. विजेचे खांब कलतात, घरांच्या भिंतींना तडे जातात, डांबरी रस्त्याला घड्या पडतात. हे सगळं करणारं चिकणमातीचं खनिज डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. कागदाच्या गठ्ठ्यासारखे त्याचे थर असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की गठ्ठा फुगतो, पाणी गेलं की बसतो, परत मिळालं की परत फुगतो. मला त्याचं वेड लागलं. नव्वद सालानंतर कॉलेजांमध्ये पीएचडीचं वारं शिरलं होतं, आमच्या स्टाफरूममध्येही जो तो सोपा विषय शोधत होता. मी माती घेतली. सहकारी म्हणाले, मॅडम, शेतकऱ्याच्या मुलीला घरचीच माती सापडली. मी शेतकऱ्याची नव्हे, शिंप्याची मुलगी होते, पण विनोदाला पुरावा लागत नाही.

मार्गदर्शक मिळाले पुण्यातल्या एका संस्थेत. मोठे गृहस्थ होते. काळ्या जमिनीतल्या चिकणमातीवर त्यांनी उभा जन्म घालवला होता आणि त्या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानत. त्यांच्या प्रयोगशाळेची एक शिस्त होती. नमुना आला की आधी ओव्हनमध्ये. एक अख्खी रात्र कडक वाळवायचा, मग दळायचा, चाळायचा, आणि मग क्ष-किरणांच्या यंत्रावर लावायचा. यंत्रातून लांब कागदावर आलेख निघायचा, त्यावर टोकदार रेषा. प्रत्येक खनिजाची रेषा आपापल्या जागी येते, कारण थरांमधलं अंतर ज्याचं त्याचं वेगळं. काळ्या मातीचं कसंही झालं तरी चालतं. भट्टीत सुकवा, दळा, परत पाणी दाखवा, ती परत फुगते. त्यामुळे त्या ओव्हनबद्दल कुणी कधी प्रश्नच विचारला नव्हता.

माझं काम विहिरींचं होतं. त्या काळात अजून विहिरी खणल्या जायच्या. काठावर यारी लावायची, खालून दगडमातीनं भरलेली बादली वर यायची आणि बाजूला ओतली जायची. नवी विहीर म्हणजे जमिनीचा उभा काप. वरून काळी, मग मुरूम, मग काळा पाषाण. मी कुठं यारी दिसली की एसटीतून उतरायचे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, पदर खोचलेला, अशी एक बाई विहिरीत डोकावतेय म्हटल्यावर लोकांना वाटायचं, जीव द्यायला आलीय. निमोण्यात एकदा एका आजीनं माझा हात धरून मला काठावरून मागं ओढलं आणि सासरी कोण छळतं म्हणून विचारलं.

कारेगावची ती विहीर एका मामांची होती. मामा म्हणजे गावातले जुने मुसलमान शेतकरी, सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. रांजणगावच्या कारखान्यांसाठी जमिनी जाणार अशी बोलवा होती, तरी त्यांनी विहीर काढायला घेतली होती. पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये आपल्याकडे तांबडी, गेरूसारखी माती सापडते, त्यात नवल नाही. या विहिरीत त्या तांबड्या थराच्या पोटात एक पांढरा पट्टा होता, वीतभर जाडीचा. मी शिडीनं खाली उतरले. बोटानं टोकरला तर मेणासारखा ओला, आणि कडेनं किंचित पारदर्शक, भिजलेल्या साबुदाण्यासारखा. मामा वरून ओरडून विचारत होते.

“बाई, सोनं लागलं का काय?”

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “मंग कशापायी येवढं हसताया?” मी हसत होते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

एक ढेकूळ रुमालात बांधून घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याचा खडू झाला होता. पांढराफटक, ठिसूळ. पाण्यात टाकलं. काळी माती असती तर काही वेळात लोण्यासारखी झाली असती. हे ढेकूळ दिवसभर पाण्यात बसलं आणि खडूचं खडूच राहिलं. मला झोप लागेना. पुण्याच्या ग्रंथालयात बसून मी पुस्तकं चाळली आणि एका जाड पुस्तकात मला माझं ढेकूळ भेटलं, ते पुस्तक मी घरीही आणलं. हॅलॉयसाइट नावाचं खनिज. त्याचे थर गुंडाळून बारीक नळ्या होतात आणि थरांमध्ये पाण्याचा एक पदर असतो. ओलं असेपर्यंत थरांमधलं अंतर दहा अँगस्ट्रॉम, म्हणून त्याची रेषा दहाच्या जागी येते. एकदा वाळलं की पाणी निघून जातं ते कायमचं, आणि रेषा साताजवळ घसरते. तिथं साध्या चिनीमातीची रेषा आधीच बसलेली असते, त्यामुळे दोघांत फरक ओळखणं मुश्कील. म्हणजे ही माती विहिरीतून यंत्रापर्यंत एकदाही न वाळता पोहोचवली तरच ती काय आहे ते कळणार होतं. आमच्या भागात ती ओली असताना कुणी पाहिल्याची नोंद मला कुठं सापडली नाही. मी पाहिली होती, पण माझ्या डोळ्यांना कोण विचारतो. दहाची ती एक रेषा मिळाली की माझं काम उभं राहणार होतं, पीएचडी तर त्यामागून आलीच असती.

मी सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या मागितल्या. त्यांनी दिल्या, वर विचारलं की कैरीच्या दिवसांत चिखल मुरवायचं हे शास्त्र कोणतं. मी परत विहिरीत उतरले, ताजी माती काढली, तळाशी झिरपलेल्या थोड्याशा पाण्यात बुडवून बरण्यांची झाकणं मेणानं बंद केली आणि प्रत्येक बरणीवर ठळक अक्षरांत लिहिलं की नमुना वाळवू नये. मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत. नवऱ्यानं त्या दिवशी सुट्टी काढली. दौंड–पुणे शटलमध्ये त्या बरण्या मांडीवर घेऊन ते बसले, कुणाचा धक्का लागू देईनात. शेजारच्या बाईनं लोणचं कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाले, कारेगावचं. त्या दिवशी मला ते फार आवडले, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं असं लिहायची पाळी फारशी आली नाही.

पुण्यात मार्गदर्शक सरांच्या टेबलावर बरण्या मांडल्या तेव्हा तिथं बसलेले सगळे हसले. मीही हसले. मग मी सगळं समजावून सांगितलं. ढेकळाचं काय झालं, पुस्तकात काय लिहिलंय, ओली माती काचेच्या पट्टीवर सारवून तशीच यंत्रावर का लावायची. सर ऐकत होते, निदान माझ्याकडे बघत तरी होते. एक बरणी परत नेऊ का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सगळा नमुना लागेल म्हणून सांगितलं, आणि मीही सगळा ठेवला. विहीर कुठं पळून जाणार होती?

यंत्र बिघडलेलं होतं. मग चालू झालं तर रांग होती. बरेच महिने गेले. बोलावणं आलं तेव्हा मी कॉलेजची किरकोळ रजा टाकून गेले. सरांनी माझ्यापुढं आलेखाचा कागद ठेवला आणि त्यावर एक बटरपेपरची पुडी. पुडीत पांढरी पावडर होती. हळदीकुंकवाला रांगोळी द्यावी तशी.

“केओलिनाइट,” सर म्हणाले. “साधी चिनीमाती. सातावर स्वच्छ रेषा आहे, बघा.”

मी विचारलं, “सर, हे वाळवलं?”

“मग ओलं कसं दळणार? आमच्याकडे सगळं ओव्हनमधूनच जातं.”

मी परत सगळं सांगायला लागले. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होतं. बरण्यांवर लिहिलं होतं म्हटलं. तुम्हाला समक्ष सांगितलं होतं म्हटलं. खोलीतले विद्यार्थी खाली बघायला लागले. सर चिडले नाहीत. चिडले असते तर निदान बरोबरीनं भांडता आलं असतं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मॅडम, तीस वर्षं मी चिकणमाती बघतोय. पाणी गेलं तर काय झालं, पाणी दिलं की येतं. आणि खरोखर त्यांनी पुडीतली चिमूटभर पावडर काचेच्या पट्टीवर घेतली, ड्रॉपरनं वर पाण्याचे थेंब सोडले आणि यंत्रावर लावायला दिली. आलेख निघाला. रेषा सातावरच.

“बघा,” सर म्हणाले. “असतं तर आलं असतं.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते सौम्य शब्दांत सांगता येत नाही. संताप आला. हा माणूस मूर्ख नव्हता. देशावरच्या काळ्या जमिनीत ज्यांचा जन्म गेला त्या सगळ्यांनी हेच केलं असतं. त्यांना माहीत असलेली माती कितीही सुकली तरी पाणी पिऊन पूर्ववत होते, म्हणून जगातली प्रत्येक माती तशीच असणार. पण मी सांगत होते ना? तालुक्याच्या कॉलेजातल्या बाईनं सांगितलेलं ऐकायला कानाला वेगळं भोक पाडावं लागतं का? त्या पावडरीच्या नळ्या दाखवू शकेल असा मोठा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या एका संस्थेत होता. तिथं पाठवण्यासाठी सरांची शिफारस लागायची. मी मागितली. ते म्हणाले, चिनीमाती बघायला एवढं महागाचं यंत्र कोण देईल. मी ठरवलं, पालथ्या घड्यावर पाणी पुरे, नवी माती आणते आणि समोर उभी राहून ओली लावून घेते.

कारेगावला पोहोचले तर विहीर नव्हती. मी आधी रस्ता चुकले असंच समजले. जमीन सपाट झाली होती, मुरूम टाकून रोलर फिरवलेला, एका कोपऱ्यात कारखान्याची पाटी. बोलवा खरी ठरली होती. मामा गावात भेटले. दुःखी बिलकूल नव्हते. मिळालेल्या मोबदल्यातून त्यांनी भाड्यानं द्यायच्या खोल्या काढायला घेतल्या होत्या, बिहारकडची कामगार पोरं आत्ताच पत्ता विचारत येत होती आणि मामा त्यांच्याशी ऐटीत हिंदी बोलत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला.

“हिरीचं काय घिऊन बसलात, बाई? पानी तरी कुठं लागलं हुतं तिला. बरं झालं बुजली.”

त्यांच्या अंगणात बसून मी चहा प्यायले आणि मला रडू आलं. मामांना वाटलं, माझीही जमीन गेलीय. त्यांनी मला धीर दिला की सरकार देतंय, उशिरा देतं पण देतं. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या सगळ्या गावात एकटीचंच माझं नुकसान झालं होतं आणि ते कुणाला समजावून सांगायचं म्हटलं असतं तर दहाच्या रेषेपासून सुरुवात करावी लागली असती.

तो थर दुसरीकडे कुठं तरी निघेल म्हणून मी पुढं कितीतरी वर्षं हिंडले. सुट्ट्या त्यातच गेल्या. जुन्या विहिरी दगडानं बांधून काढलेल्या, आतला थर दिसायची सोय नाही. नव्या विहिरी कुणी खणेना, जिकडे तिकडे बोअर. बोअरचं यंत्र दगडाचा आणि मातीचा एकत्र राडा करून बाहेर फेकतं, त्यात वीतभर पट्टा कुठला ओळखणार. मी त्या राड्यातही बोटं घालून बघायचे. बोअरवाले मद्रासी कामगार आपसांत काहीतरी बोलून हसायचे. ‘मातीवाली बाई’ मधलं कौतुक तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

सरांनी मला मार्ग सुचवला होता. प्रबंधात केओलिनाइट लिहा, एक प्रकरण होईल, बाकी काळ्या मातीवर चार प्रकरणं आहेतच, सही करतो. मी म्हटलं, मी ते पाहिलेलं नाही, मी दुसरं पाहिलंय. ते म्हणाले, तुम्ही जे पाहिलंय त्याला पुरावा नाही आणि मी जे म्हणतोय त्याचा आलेख आहे. हे अगदी खरं होतं. खोटं एवढ्या व्यवस्थित खरं असू शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी लिहिलं नाही, त्यांनी सही केली नाही. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, “सोड आता. माती ती माती.” मुलगी लहान होती, सासूबाई थकल्या होत्या, आणि मी दमले असेन, घरी राहून थोडा आराम करायला काय हरकत आहे, असं बरंच काही त्यांनी पुढं जोडलं. ज्या माणसानं बरण्या मांडीवर घेऊन नेल्या त्यानं माती ती माती म्हणावं हे मला सरांच्या आलेखापेक्षा जास्त लागलं. मी त्यांच्यापुढं पुन्हा तो विषय काढला नाही. आपल्या नवऱ्याला यातलं काही कळत नाही, त्यांना गाड्यांचे डबे मोजता येतात तेवढं पुरे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं आणि शिरूरची एसटी पकडत राहिले.

कॉलेजात व्हायचं ते झालं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशी माझ्यामागून आलेली मंडळी डॉक्टर झाली, विभागप्रमुख झाली. त्यातला एक तर माझा विद्यार्थी. माझ्याशी चांगला वागायचा. इतका चांगला की नोटिसीवर माझ्या नावाआधी नुसतं ‘प्रा.’ लिहिताना त्याला अवघडल्यासारखं व्हायचं, आणि ते त्यानं मला बोलूनही दाखवलं.

दोन हजार दहा सालानंतरची गोष्ट. कॉलेजच्या विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून सर येणार असं ठरलं. निवृत्त झाले होते पण मान तोच. त्यांच्या एका तरुण विद्यार्थ्याला रांजणगावच्या एका कंपनीच्या पाण्याच्या टाकीच्या खड्ड्यात काहीतरी महत्त्वाचं सापडलं होतं आणि त्या दोघांचा त्यावरचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला होता. काय सापडलं ते विभागप्रमुखाला नीट सांगता आलं नाही. मला विचारायची गरज पडली नाही. आभारप्रदर्शन ज्येष्ठ म्हणून माझ्याकडे आलं. भाषण करायला पाहुणे, प्रास्ताविकाला प्रमुख, आणि आभाराला ज्यांचं काही झालं नाही ते, अशी आपल्याकडे वाटणीच असते.

सर छान बोलले. वयानं आवाजाला गोडवा आला होता. तांबड्या थरातला पांढरा पट्टा, मेणासारखा ओलावा, नळ्या, दहाची रेषा, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मुलं ऐकत होती. शेवटी ते म्हणाले की संशोधकाचा पहिला गुण म्हणजे सवयीवर संशय घेणं. आम्ही चिकणमातीवाले सवयीनं नमुना ओव्हनमध्ये घालतो, आणि या खनिजाचा पुरावा तिथंच मरतो. माझ्या विद्यार्थ्यानं हट्टानं तो ओला ठेवला. टाळ्या झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी आभाराचा कागद बाजूला ठेवला. म्हटलं, सर, असाच पांढरा पट्टा इथं जवळच कारेगावच्या विहिरीत होता. मी तो लोणच्याच्या बरण्यांत भरून ओला तुमच्याकडे आणला होता, बरणीवर वाळवू नका असं लिहिलं होतं, आणि तुम्ही तो रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून मला त्याची पुडी परत दिलीत. त्याबद्दल कॉलेजच्या वतीनं मी आपले मनःपूर्वक आभार मानते.

सभागृह हसलं. लोणच्याच्या बरण्यांपाशीच हसायला सुरुवात झाली होती, शेवटी तर टाळ्याही पडल्या. सर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले आणि शेजारी बसलेल्या प्राचार्यांना म्हणाले की बाईंना विनोदाची चांगली जाण आहे. मी उभीच होते. राष्ट्रगीत सुरू झालं.

चहाला सर आपणहून माझ्याकडे आले. हातात वड्याची बशी होती. तुम्हीही माझ्याकडे नोंदणी केली होती ना, असं त्यांनी आपुलकीनं विचारलं. विषय काय होता तुमचा? मी म्हटलं, हाच. ते म्हणाले, अरे वा, मग पुरं का नाही केलं, तुमच्यासारख्यांनी करायला हवं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. लबाडी शोधत होते. सापडली असती तर किती बरं झालं असतं. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्यांच्याशी मनात भांडत होते, ते त्या भांडणाला कधी आलेच नव्हते.

दौंडला घरी पोहोचले तेव्हा नवरा पेपर वाचत बसले होते. त्यांचीही निवृत्ती झाली होती, मुलगी लग्न होऊन गेली होती. कार्यक्रम कसा झाला म्हणून त्यांनी विचारलं. मी सवयीनं बरा झाला म्हणणार होते, पण तोंडातून सगळंच बाहेर पडलं, सर, टाकीचा खड्डा, दहाची रेषा, हसू, वडा. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढं पहिल्यांदाच. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“मला तवाच ठाव हुतं,” ते म्हणाले. “तू बराबर हुतीस.”

मी विचारलं, कसं ठाऊक होतं. ते म्हणाले, तू खिडकीतल्या ढेकळाजवळ बसलेली असायचीस तेव्हा मीही बघत होतो, मला काय डोळे नव्हते? शिवाय तुझं ते जाड पुस्तक तू शिरूरला गेलीस की मी वाचायचो, निम्मं कळायचं नाही, पण वाळलं की संपलं एवढं कळलं होतं. आणि हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आधी मला आनंदच झाला. एक माणूस होता. या सगळ्यात माझ्या बाजूचा एक माणूस होता आणि तो माझ्याच घरात होता.

मग दुसरा प्रश्न सुचला.

“त्या दिवशी म्हणाला का नाहीत मग? माती ती माती कशाला म्हणालात?”

त्यांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला.

“म्हनलं आसतं,” ते म्हणाले, “तर तू थांबली नसतीस. मला वाटलं, हरलीस तर घरी ऱ्हाशील.”

मी आत गेले आणि कुकर लावला.